एम्बेडेड प्रोसेसरवर लिनक्स चालवावे का, हे कसे ठरवावे

गावातल्या दूध संकलन केंद्रावर पहाटेपासून रांग लागते. शेतकऱ्याने आणलेले दूध काट्यावर जाते, त्याचा नमुना फॅट मोजणाऱ्या यंत्रात जातो आणि थोड्याच वेळात सभासद क्रमांक, लिटर, फॅट, दर आणि रक्कम छापलेली पावती हातात पडते. काटा, फॅटचे यंत्र आणि प्रिंटर यांना जोडणारी एक छोटी पेटी टेबलावर असते. त्या पेटीत कोणता एम्बेडेड, म्हणजे यंत्राच्या आत बसणारा, प्रोसेसर घालावा आणि त्यावर लिनक्ससारखी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम चालवावी की नाही, हा प्रश्न मला पहिल्यांदा अशाच एका केंद्राच्या कामात सोडवावा लागला. त्यानंतर निरनिराळ्या यंत्रांसाठी हीच तपासणी अनेकदा केली, आणि तिचा क्रम महत्त्वाचा असतो हे अनुभवाने कळले. क्रम चुकला तर महिनाभराच्या कामानंतर लक्षात येते की, चिपच्या कागदपत्रातल्या एका शब्दाने पहिल्याच दिवशी नकार दिलेला होता.

‘यावर लिनक्स चालेल का?’ असे विचारले जाते, पण हा प्रश्न अर्धा आहे. २०१२ साली एका हौशी अभियंत्याने एटीमेगा १२८४पी या ८ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे साध्या यंत्रांतल्या छोट्या नियंत्रक चिपवर, लिनक्स सुरू करून दाखवले होते. त्याने त्या चिपवर एआरएम प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला, जुन्या संगणकातली १६ एमबीची मेमरी पट्टी तिला जोडली, आणि सुमारे दोन तासांनी पडद्यावर कमांड प्रॉम्प्ट आला. ही कामगिरी थक्क करणारी आहे, आणि संगणन म्हणजे मुळात काय हे समजण्यासाठी तिचा अभ्यास जरूर करावा. मात्र त्या चिपला लिनक्सयोग्य म्हणता येत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या तपासणीत ‘चालेल का’ याऐवजी ‘नेमून दिलेले काम रोज, वर्षानुवर्षे पेलेल का’ हा प्रश्न समोर ठेवावा.

प्रोसेसरच्या आधी कामाची यादी

डेटाशीट, म्हणजे चिपचे माहितीपत्रक, उघडण्यापूर्वी यंत्राने ऑपरेटिंग सिस्टीमकडून काय काय मागायचे आहे ते कागदावर उतरवावे. एकाच वेळी किती स्वतंत्र प्रोग्राम चालणार, नेटवर्कवर सुरक्षित जोडणी लागणार का, फाइली आणि डेटाबेस लागणार का, बाहेरून आणलेली तयार सॉफ्टवेअर वापरायची आहेत का, आणि क्षेत्रावर गेलेल्या यंत्राला नंतर दुरुस्त्या पाठवायच्या आहेत का, एवढे प्रश्न बहुधा पुरतात. दोन सिरियल पोर्ट वाचणे, चार ओळींच्या डिस्प्लेवर आकडे दाखवणे आणि इंग्रजी अक्षरांत पावती छापणे एवढेच काम असेल, तर फ्रीआरटीओएस किंवा झेफरसारखी छोटी रिअल टाइम (ठरल्या वेळेत काम करणारी) सिस्टीम आणि एआरएमच्या कॉर्टेक्स-एम घराण्यातला एखादा साधा मायक्रोकंट्रोलर उत्तम काम देतात. ते क्षणात सुरू होतात, कमी वीज घेतात आणि अचानक वीज गेल्याने सहसा बिघडत नाहीत. तेथे लिनक्स घालणे म्हणजे विनाकारण ओझे वाढवणे होय.

दूध केंद्राच्या यादीत मात्र एक गोष्ट अशी निघाली की तिने सगळा विचार बदलला: पावती मराठीत हवी होती. देवनागरी छापणे म्हणजे अक्षरांची चित्रे एकापुढे एक मांडणे नव्हे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मेमरीत ज, हलन्त, ञ, नंतर मात्रा अशा क्रमाने साठवलेले असते आणि त्यांतून ‘ज्ञ’ हे एकच रूप घडवावे लागते. ‘शिवाजी’ या नावात पहिली वेलांटी साठवली जाते ‘श’नंतर, पण काढावी लागते त्याच्या आधी. ‘कीर्ती’मधला रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यावा लागतो. लिनक्सवर हार्फबझ आणि फ्रीटाइप या लायब्रऱ्या हे काम बिनचूक करतात. ही सोय नसलेल्या यंत्रातून ‘ज् ञानेश् वर’ अशा तुटक पावत्या बाहेर पडतात, आणि ज्याचे नाव असे मोडून छापले जाते त्याला ते सलते.

तरीही एवढ्यावरून लिनक्सच हवे, असा निष्कर्ष लगेच काढू नये. दोन इंची थर्मल प्रिंटरची ओळ ३८४ ठिपक्यांची असते. नावाची पट्टी ३२ ठिपके उंचीची धरली तर एका नावाचे चित्र १,५३६ बाइट्समध्ये मावते, आणि ३०० सभासदांची नावे साधारण ४५० केबीत बसतात. कार्यालयातल्या संगणकावर ही चित्रे आधीच तयार करून मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये ठेवता येतात. ही तडजोड जोवर सभासदांची यादी स्थिर आहे तोवर चालते. केंद्रावरच नवा सभासद नोंदवायचा असेल, हिशेबाचे वाक्य दर महिन्याला बदलणार असेल, किंवा डेअरीच्या मुख्य कार्यालयाशी सुरक्षित जोडणी करून रोजची नोंद पाठवायची असेल, तर पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमचे पारडे जड होते. आमच्या केंद्राला या तिन्ही गोष्टी हव्या होत्या.

एमएमयू आहे का, हे सर्वांत आधी पाहावे

चिपच्या तपासणीची सुरुवात मेगाहर्ट्झपासून करू नये. सुरुवात मेमरी मॅनेजमेंट युनिटपासून, म्हणजे एमएमयूपासून करावी. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची स्वतंत्र पत्तामालिका देणे आणि तिचे प्रत्यक्ष रॅममधल्या जागांशी नाते जोडणे हे त्याचे काम. लिनक्समध्ये हे नाते साधारणपणे ४ केबीच्या पानांमध्ये ठेवले जाते. त्यामुळे एका प्रोग्रामची चूक दुसऱ्याच्या मेमरीत घुसत नाही, रॅमचे विखुरलेले तुकडे प्रोग्रामला सलग दिसतात, आणि फोर्क करताना, म्हणजे चालू प्रोग्रामपासून त्याचीच दुसरी प्रत सुरू करताना, संपूर्ण मेमरीची नक्कल न करता ‘कोणी लिहायला गेला तरच पान वेगळे करू’ असा काटकसरीचा व्यवहार करता येतो.

डेटाशीट वाचताना येथे एका अक्षराने घात होतो. कॉर्टेक्स-एम घराण्यातल्या अनेक चिपांमध्ये ‘एमपीयू’ असतो, ‘एमएमयू’ नसतो. एमपीयू म्हणजे मेमरी प्रोटेक्शन युनिट. ते काही मोजक्या क्षेत्रांना कुंपण घालते, पण पत्त्यांचे भाषांतर करत नाही. ब्लॉक डायग्रॅममध्ये घाईने नजर फिरवणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. चिपला बाहेरची रॅम जोडणारा कंट्रोलर पाहूनही काहींचा असाच गैरसमज होतो. म्हणून प्रोसेसरच्या गाभ्याचे (कोरचे) नेमके नाव शोधावे. कॉर्टेक्स-ए असेल तर एमएमयू आहे, कॉर्टेक्स-एम असेल तर नाही. जुन्या एआरएम९२६ईजे-एस गाभ्यात एमएमयू आहे.

वेग पाहून अंदाज बांधणे किती फसवे असते, हे दोन चिपा शेजारी ठेवल्या की दिसते. एनएक्सपीच्या आय.एमएक्स आरटी११७० मध्ये १ गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम७ आहे, पण एमएमयू नाही. दुसरीकडे १९९१ साली लिनक्सचा जन्म झाला तो ३३ मेगाहर्ट्झच्या, ४ एमबी रॅम असलेल्या ३८६ संगणकावर, आणि त्या ३८६ मध्ये पानांच्या भाषांतराची सोय होती. नावावरूनही अंदाज बांधू नये. रास्पबेरी पाय आणि रास्पबेरी पाय पिको ही एकाच घरच्या छोट्या बोर्डांची नावे. पहिल्यावर लिनक्स हीच रोजची व्यवस्था आहे. २०२१ मध्ये आलेल्या मूळ पिकोवर मात्र १३३ मेगाहर्ट्झचे दोन कॉर्टेक्स-एम०+ गाभे आणि अवघी २६४ केबी रॅम आहे. विद्यार्थी पिको विकत घेतात आणि त्यावर डेबियन ही लिनक्सची प्रचलित डिस्ट्रिब्युशन (कर्नल आणि तयार प्रोग्रामांचा संच) कशी बसवायची असे विचारतात, तेव्हा दोष त्यांचा नसतो. हा फरक त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

आपल्या देशातल्या चिपांनाही हीच कसोटी लावावी. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पातला ई-क्लास गाभा मायक्रोकंट्रोलरच्या कामांसाठी आहे, तर सी-क्लास गाभ्यात एमएमयू आहे आणि त्यावर लिनक्स चालते. ‘शक्तीवर लिनक्स चालते’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कोणता वर्ग, हे विचारलेच पाहिजे.

एमएमयू नसतानाही लिनक्स चालवण्याची एक वाट आहे. युसीलिनक्स हा प्रकल्प १९९८ च्या सुमारास त्यासाठीच सुरू झाला आणि पुढे ते काम मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागात, सामावले गेले. एसटीएम३२एफ४२९ डिस्कव्हरी या बोर्डावर १८० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४, २ एमबी फ्लॅश आणि ८ एमबी बाहेरची रॅम असते, आणि त्यावर असे लिनक्स सुरू होते. पण तेथे फोर्क मिळत नाही, त्याऐवजी व्हीफोर्क वापरावे लागते, ज्यात नवी प्रत (मूल) दुसरा प्रोग्राम सुरू करेपर्यंत मूळ प्रोग्राम (पालक) थांबून राहतो. प्रत्येक प्रोग्रामचा स्टॅक, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या कामाची मेमरी, आधीच मापून द्यावा लागतो. रॅम सलग लागते, त्यामुळे एकूण रॅम शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असे उत्तर मिळू शकते. नेहमीच्या डिस्ट्रिब्युशनमधली तयार पॅकेजे तर वापरताच येत नाहीत. माझे मत स्पष्ट आहे: शिकण्यासाठी ही वाट अवश्य चालावी, पण दुसऱ्याच्या रोजीरोटीशी निगडित यंत्र या वाटेने बनवू नये.

के२१० या चिपची गोष्ट अधिक बारीक आहे. त्यात रिस्क-व्ही या खुल्या सूचनासंचाचे ६४ बिटांचे दोन गाभे आहेत आणि एमएमयूही आहे, परंतु तो रिस्क-व्हीच्या जुन्या मसुद्यानुसार घडवलेला असल्याने लिनक्सला उपयोगी पडत नाही. परिणामी ८ एमबीच्या त्या चिपवर लिनक्स चालते ते एमएमयू नसल्यासारखेच. कागदावर ‘आहे’ लिहिलेले आणि कर्नलला वापरता येणारे, यांत असे अंतर पडू शकते.

सूचनासंचाची किमान पातळी

एमएमयू असला की कर्नल सुरू होण्याचा मार्ग खुला होतो. पण सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीम निवडण्याचे खरे कारण असते हजारो तयार पॅकेजे, आणि ती एका ठरावीक किमान सूचनासंचासाठी, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या यादीसाठी, बनवलेली असतात. आपला प्रोसेसर त्या पातळीच्या खाली असेल तर कर्नल चालू होऊनही पहिलाच प्रोग्राम ‘अवैध सूचना’ म्हणून कोसळतो.

२०१२ चा पहिला रास्पबेरी पाय हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा एआरएम११७६ गाभा एआरएमव्ही६ पिढीचा होता आणि त्यात दशांश गणिताचे हार्डवेअरही होते. डेबियनची आर्मएचएफ आवृत्ती मात्र एआरएमव्ही७ पासून पुढच्या प्रोसेसरांसाठी बनवलेली होती. आर्मेल ही जुनी आवृत्ती चालली असती, पण तिच्यात ते गणिती हार्डवेअर पुरते उपयोगात येत नव्हते. शेवटी स्वयंसेवकांनी डेबियनची हजारो पॅकेजे एआरएमव्ही६ साठी नव्याने कंपाइल केली, आणि रास्पबियन उभे राहिले. पायच्या मागे एवढा मोठा समुदाय होता म्हणून हे शक्य झाले. आपण बाजारातून निवडलेल्या एखाद्या अनोळखी चिपसाठी असे कोणी करील, या भरवशावर राहू नये.

ही पातळी काळानुसार वर सरकते, हेही ध्यानात ठेवावे. मुलांसाठी बनवलेल्या एक्सओ-१ लॅपटॉपमध्ये एएमडीचा ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड एलएक्स प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत झाला. जिओडमध्ये ‘लाँग नॉप’ नावाची एक सूचना नाही. तिचे काम काहीही न करणे एवढेच आहे, पण २०२३ च्या डेबियन १२ ने ती आवश्यक ठरवली, आणि काही न करणाऱ्या त्या सूचनेपायी जिओडवर चालणारी यंत्रे पुढच्या आवृत्त्यांना मुकली. रिस्क-व्हीच्या जगात हेच आत्ता घडत आहे. उबुंटूने २५.१० या आवृत्तीपासून आरव्हीए२३ ही वरची पातळी अनिवार्य केली आहे, त्यामुळे आधी विकल्या गेलेल्या बहुतेक रिस्क-व्ही बोर्डांना जुन्या आवृत्तीवरच राहावे लागते.

तपासणी करण्याची रीत सोपी आहे. ज्या डिस्ट्रिब्युशनचा विचार आहे तिच्या प्रकाशन टिपणांत किमान प्रोसेसर कोणता दिला आहे ते वाचावे. मग बोर्ड हाताशी असेल तर कर्नलच्या प्रॉक फाइलसिस्टीममधल्या सीपीयूइन्फो या फाइलीत प्रोसेसरने जाहीर केलेल्या सोयी त्याच्याशी ताडून पाहाव्यात. प्रोसेसर पातळीच्या खाली असेल पण बाकी सर्व बाबतींत आवडला असेल, तर बिल्डरूट किंवा योक्टो हे साधन वापरून सगळे स्वतः कंपाइल करण्याचा पर्याय उरतो. तो चांगला पर्याय आहे, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या लावण्याची जबाबदारीही मग आपल्याच शिरावर येते.

रॅम किती पुरेल

रॅमबाबत एक जुना प्रसंग सांगण्यासारखा आहे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यावर लिनक्स चालत होते, आणि ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्स प्रकल्पाचा उगम त्यातूनच झाला. २००५ मध्ये त्याच राउटरची पाचवी आवृत्ती काढताना रॅम १६ एमबीवरून ८ एमबीवर आणि फ्लॅश ४ एमबीवरून २ एमबीवर आणली गेली, तेव्हा लिनक्स काढून तेथे व्हीएक्सवर्क्स ही छोटी सिस्टीम बसवावी लागली. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी मग डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळे मॉडेल आले. राउटरचे काम तेच राहिले, नावही तेच राहिले, पण रॅम अर्धी होताच ऑपरेटिंग सिस्टीम बदलली. पुढे ओपनडब्ल्यूआरटीनेही ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या यंत्रांना १९.०७ या आवृत्तीनंतर निरोप दिला.

यावरून ढोबळ अंदाज असा बांधावा. स्वतः छाटून बनवलेले लिनक्स ३२ ते ६४ एमबीत सुखाने राहते. ऑलविनरच्या एफ१सी१००एस या चिपच्या पोटातच ३२ एमबी रॅम असते आणि त्यावर छोटी यंत्रे बनवली जातात. डेबियनसारखी पूर्ण डिस्ट्रिब्युशन, पायथन, डेटाबेस आणि सुरक्षित नेटवर्क असा संसार मांडायचा असेल तर २५६ एमबीच्या खाली उतरू नये, आणि ब्राउझर किंवा खिडक्यांचा पडदा हवा असेल तर १ जीबीपासून विचार सुरू करावा. विंडोज ११ तर किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण मागते, त्यामुळे या लेखातल्या बहुतेक चिपांसाठी तो विषय तेथेच संपतो.

अंदाजानंतर मोजमाप करावेच. फ्री या आज्ञेने दाखवलेल्या आकड्यांतला ‘फ्री’ स्तंभ पाहून घाबरू नये, कारण लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरून घेते. ‘अव्हेलेबल’ हा स्तंभ पाहावा. तोही यंत्र निवांत असताना पाहून उपयोग नाही. दिवसातला सर्वांत गर्दीचा क्षण घडवून आणावा, म्हणजे पावती छापली जात आहे, नोंद वर पाठवली जात आहे आणि त्याच वेळी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उतरत आहे, अशा वेळी तो आकडा टिपावा. त्या क्षणी एकूण रॅमचा चौथा हिस्साही शिल्लक राहत नसेल तर मोठी रॅम असलेला बोर्ड घ्यावा. रॅमची तूट मेमरी कार्डावरच्या स्वॅपने, म्हणजे कार्डाची जागा रॅमसारखी वापरून, भरून काढू नये. यंत्र रखडते आणि कार्डही झिजते. थोडीशीच चणचण असेल तर माहिती रॅममध्येच दाबून ठेवणारे झेडरॅम वापरून पाहावे.

वीज जाते तेव्हा

खेड्यात वीज सांगून जात नाही. आमच्या पहिल्या पेटीत आम्ही साधे मेमरी कार्ड घातले होते, आणि प्रोग्राम दर सेकंदाला त्यावर लॉगची एक ओळ लिहीत असे. चार महिने सर्व ठीक चालले. मग एका सकाळी पेटी सुरूच झाली नाही, रांगेत साठेक माणसे उभी होती, आणि केंद्राच्या सचिवांना वहीत हाताने नोंदी कराव्या लागल्या. त्या दिवशी कोणाचे दूध वाया गेले नाही, पण फॅटचे आकडे वहीत बरोबर उतरले की नाही यावर दुपारपर्यंत वाद चालला. चूक प्रोसेसरची नव्हती, लिनक्सचीही नव्हती. चूक माझ्या रचनेची होती.

कार्डाच्या आत एक स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो आणि शंभर बाइट्सच्या एका ओळीसाठीही तो कितीतरी मोठा ठोकळा नव्याने लिहू शकतो. त्याच क्षणी वीज गेली तर फाइलसिस्टीमचे जर्नलही, म्हणजे बदलांची नोंदवहीही, उपयोगी पडतेच असे नाही, कारण बिघाड फाइलसिस्टीमच्या खालच्या थरात झालेला असतो. म्हणून प्रोसेसर निवडतानाच साठवणीकडे पाहावे. बोर्डावरच बसवलेली ईएमएमसी ही साठवणीची चिप चांगली. कच्ची (स्वतःचा कंट्रोलर नसलेली) नँड फ्लॅश असेल तर यूबीआयएफएस ही फाइलसिस्टीम वापरावी. ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग केवळ वाचण्यापुरता ठेवावा, लॉग रॅममध्ये साठवून अधूनमधूनच उतरवावेत, आणि हिशेबाच्या नोंदी वेगळ्या विभागात ठेवाव्यात. शक्य तर एक सुपरकपॅसिटर किंवा छोटी बॅटरी देऊन, वीज गेल्याची खबर प्रोसेसरच्या एखाद्या पिनवर पोहोचवावी, म्हणजे शेवटची नोंद पूर्ण करून शांतपणे बंद होण्याइतके काही सेकंद मिळतात. हे सर्व केल्यावर रिलेने वीजपुरवठा निदान दोनशे वेळा, मुद्दाम लिहिणे चालू असताना तोडून पाहावा. या चाचणीला दोन दिवस लागतात आणि ती टाळण्याचा मोह होतो, टाळू नये.

कर्नलमध्ये चिपला जागा आहे का

प्रोसेसर कितीही सक्षम असला तरी त्याच्या आजूबाजूची घड्याळे, इंटरप्ट कंट्रोलर, सिरियल पोर्ट, नेटवर्क आणि साठवण यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्राम, लागतात. ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये असतील तर चिपचे भवितव्य सुरक्षित समजावे. अनेक स्वस्त बोर्डांबरोबर उत्पादकाने स्वतः बदललेले जुने कर्नल मिळते. बोर्ड पहिल्या दिवशी झकास चालतो, पण दुरुस्त्या येत नाहीत, आणि चार वर्षांनी सुरक्षेतली त्रुटी उघड झाली की हात बांधलेले असतात.

म्हणून विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘लिनक्स सपोर्ट’ असे वाचून समाधान मानू नये. मुख्य कर्नलचा स्रोत उतरवून घ्यावा, डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावरच्या भागांचे वर्णन करणाऱ्या, फाइलींमध्ये आपल्या चिपचे आणि बोर्डाचे नाव शोधावे, आणि त्या फाइलीत आपल्याला लागणारा प्रत्येक भाग नोंदवलेला आहे का ते पाहावे. कर्नल सुरू करून देणाऱ्या यू-बूट या प्रोग्राममध्येही तोच शोध घ्यावा. मग बदललेल्या नव्हे तर शुद्ध मुख्य कर्नलवर बोर्ड सुरू करून सिरियल कन्सोलवर येणारे संदेश पहिल्या ओळीपासून वाचावेत. बीगलबोन ब्लॅकसारखा २०१३ चा, १ गिगाहर्ट्झच्या कॉर्टेक्स-ए८ चा बोर्ड आज वेगाने मागे पडला असला तरी मुख्य कर्नलवर व्यवस्थित चालतो. मला अशा जुन्या पण ओळखीच्या चिपांबद्दल अधिक विश्वास वाटतो.

वेळेची काटेकोर कामे

सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टीम सरासरी वेग चांगला देते, ठरल्या क्षणी काम होईलच याची हमी तिच्या स्वभावात नाही. आपले काम किती उशीर सहन करते हे आकड्यात मांडावे. फॅटचे यंत्र ९,६०० बॉड वेगाने आकडे पाठवत असेल तर एक अक्षर सुमारे एका मिलिसेकंदात येते, आणि सिरियल पोर्टच्या १६ अक्षरांच्या हार्डवेअर रांगेमुळे कर्नलला साधारण १६ मिलिसेकंदांची उसंत मिळते. साधे लिनक्स एवढ्यात आरामात पोहोचते. मोटरला दर २० मायक्रोसेकंदांनी पल्स द्यायचा असेल तर मात्र ते काम लिनक्सच्या प्रोग्रामकडे सोपवू नये.

मधल्या पट्ट्यातल्या कामांसाठी प्रीएम्प्ट आरटी ही कर्नलचा उशीर आटोक्यात ठेवणारी सोय आहे. दीर्घकाळ वेगळे राहिलेले हे काम २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आले. सायक्लिकटेस्ट हे साधन यंत्रावर पूर्ण भार टाकून निदान एक दिवस चालवावे आणि सरासरी न पाहता सर्वांत मोठा उशीर पाहावा. त्याहून काटेकोर काम असेल तर दोन प्रकारचे गाभे एकत्र असलेली चिप शोधावी. एसटीएम३२एमपी१५ मध्ये लिनक्ससाठी कॉर्टेक्स-ए७ आणि वेळेच्या कामांसाठी कॉर्टेक्स-एम४ एकाच चिपमध्ये आहेत; बीगलबोनच्या चिपमध्ये पीआरयू नावाचे २०० मेगाहर्ट्झचे दोन छोटे गाभे आहेत, ज्यांची एक सूचना ५ नॅनोसेकंदांत पूर्ण होते. लिनक्सचा चिपसेट आणि पाच-पन्नास रुपयांचा वेगळा मायक्रोकंट्रोलर अशी जोडीही पुष्कळदा पुरते, आणि दुरुस्तीला ती सोपी पडते.

उन्हाळा आणि २०३८

शेवटच्या चाचण्या टेबलावर करू नयेत. बंद पेटीत, पत्र्याखाली, मे महिन्यातल्या दुपारी प्रोसेसर किती तापतो ते पाहावे. साध्या व्यापारी श्रेणीच्या चिपा बहुधा ० ते ७० अंश सेल्सिअससाठी आणि औद्योगिक श्रेणीच्या उणे ४० ते ८५ अंशांसाठी असतात. रास्पबेरी पाय ४ सारखा बोर्ड ८० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करू लागतो, म्हणजे जो वेग आपण डिसेंबरात मोजला तो मेमध्ये मिळेलच असे नाही.

आणि ३२ बिटांचा प्रोसेसर निवडला असेल तर घड्याळ तपासावे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात मोजणाऱ्या प्रोग्रामांची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, म्हणजे सकाळचे संकलन ऐन रंगात असते तेव्हा. दूध केंद्रावरची पेटी दहा-बारा वर्षे सहज वापरात राहते, त्यामुळे ही तारीख आज बसवलेल्या यंत्राच्या आयुष्यात येऊ शकते. कर्नल ५.६ किंवा त्यानंतरचे असावे, मसल ही लायब्ररी वापरत असाल तर १.२ पासून पुढची असावी, आणि डेबियनच्या आर्मएचएफवर असाल तर १३ ही आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात वेळ ६४ बिटांची केली आहे. आपण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामातही डेटाबेसच्या स्तंभापासून पावतीच्या छपाईपर्यंत वेळ कोठे ३२ बिटांत कोंबलेली नाही ना, हे बघावे. मग नेटवर्कवरून वेळ घेणे बंद करून पेटीचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी ८ वाजून ४० मिनिटांवर लावावे, काट्यावर दुधाची बरणी ठेवून दर मिनिटाला एक पावती काढत राहावे, आणि ८ वाजून ४५ मिनिटांच्या पावतीवर तारीख कोणती उमटते ते पाहावे. तेथे १९०१ साल छापले गेले, तर पेटी अजून केंद्रावर पाठवू नये.